व्हेंटिलेटर : हवा फुप्फुसात सारखी पसरावी यासाठी सेटिंग कसे ठरवता?

रातपाळी :

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांनी आपापली पद्धत लिहावी, यासाठी हा धागा काढत आहे. एआरडीएसमध्ये (फुप्फुसात पाणी झिरपून श्वास अचानक निकामी होण्याच्या आजारात) फुप्फुस सगळीकडे सारखे आजारी नसते. रुग्ण उताणा असेल तर पाठीकडचा भाग पाण्याने जड होऊन मिटलेला असतो आणि छातीकडचा भाग त्या मानाने बरा असतो. यंत्राने ढकललेली हवा वाट मिळेल तिकडे, म्हणजे त्या बऱ्या भागातच शिरते. गॅटिनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सीटी स्कॅनच्या आधारे हे दाखवले आणि हवा घेऊ शकणाऱ्या त्या उरलेल्या भागाला 'बाळाचे फुप्फुस' म्हटले.

निमित्त एका रुग्णाचे आहे. पुरुष, उंची १७० सेंटिमीटर, वजन ९२ किलो, न्यूमोनियातून एआरडीएस, स्नायू शिथिल करणारे औषध चालू. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा) ४०० मिली, ऑक्सिजन ७० टक्के. मी पीप तीन पायऱ्यांनी बदलले आणि प्रत्येक पायरीवर वीस मिनिटे थांबलो. (पीप म्हटले की मराठी माणसाला तेलाचा डबा आठवतो, पण विभागात सर्वांच्या तोंडी हाच शब्द आहे. श्वास बाहेर पडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, असा त्याचा अर्थ घ्यावा. यंत्राच्या दाबाचे सर्व आकडे सेंटिमीटर पाण्याचे आहेत.) पीप ८ असताना प्लॅटो प्रेशर (हवा आत भरून थांबवल्यावरचा दाब) २६ आणि सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी) ८९, पीप १२ असताना प्लॅटो २७ आणि सॅच्युरेशन ९२, पीप १६ असताना प्लॅटो ३३ आणि सॅच्युरेशन ९५. मात्र १६ वर रक्तदाब उतरला, रक्तदाब राखणाऱ्या नॉरॲड्रिनलिनचा वेग वाढवावा लागला आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड ४८ वरून ५६ वर गेला.

आमच्या रेसिडेंटच्या मते पीप १६ ठेवायला हवे होते, कारण ऑक्सिजन तिथे सर्वांत चांगला होता. मी १२ वर परत आणले. फुप्फुस जास्तीत जास्त उघडणे हे आपले काम नसून त्याच्या भागाभागांतील तफावत कमी करणे हे आपले काम आहे, असे माझे मत आहे. ते मला त्या रात्री नीट पटवून देता आले नाही, म्हणून येथे मांडत आहे.

मंद्रसप्तक :

आकडे दिलेत ते बरे केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे. प्लॅटोमधून पीप वजा करा. पहिल्या पायरीवर ड्रायव्हिंग प्रेशर १८, दुसऱ्या पायरीवर १५ आणि तिसऱ्या पायरीवर १७ येते. तेच ४०० मिली आत घालण्यासाठी १२ वर सर्वांत कमी दाब लागला, म्हणजेच कंप्लायन्स (फुप्फुस किती सहज फुगते ते) तिथे सर्वांत चांगला होता. ८ वरून १२ वर जाताना मिटलेले काही वायुकोश उघडले आणि हवा अधिक भागांत वाटली गेली. १२ वरून १६ वर जाताना आणखी थोडे उघडले असतील, सॅच्युरेशन वाढले ते बहुधा त्यामुळेच. पण आधीच उघडे असलेले वायुकोश त्याहून अधिक ताणले गेले. ताणलेल्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या चेपल्या जातात, तिथे हवा पोहोचते पण रक्त पोहोचत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. तुमच्या रुग्णात ते दिसलेच.

रेसिडेंटला एक गोष्ट अवश्य सांगा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एआरडीएसनेट या संशोधन-गटाच्या चाचणीत ८६१ रुग्ण होते. ज्यांना किलोमागे १२ मिली हवा दिली, त्यांचा ऑक्सिजन पहिल्या काही दिवसांत अधिक चांगला होता. तरीही त्यांच्यातील ३९.८ टक्के रुग्ण दगावले आणि ६ मिली गटातील ३१ टक्के. मॉनिटरवरचा सुखद आकडा आणि रुग्णाचे हित या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण आपल्या क्षेत्रात मला माहीत नाही.

आणि किलो म्हणजे वजनकाट्यावरचे नव्हेत. पुरुषासाठी सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करायचे, त्याला ०.९१ ने गुणायचे आणि त्यात ५० मिळवायचे. स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५. तुमच्या रुग्णाचे अपेक्षित वजन ६६ किलो येते, म्हणजे सहाच्या हिशेबाने ३९६ मिली. कोणी ९२ किलो धरले असते, तर ५५२ मिली हवा गेली असती. माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुप्फुस मोठे होत नाही.

वक्ररेषा :

मंद्रसप्तक यांच्याशी सहमत आहे, पण ड्रायव्हिंग प्रेशर हा संपूर्ण फुप्फुसाचा मिळून एकच आकडा आहे, हे विसरू नये. एका भागात वायुकोश उघडत असतील आणि दुसऱ्या भागात तेवढेच ताणले जात असतील, तर हा आकडा जागचा हलणारही नाही.

श्वसनतंत्रज्ञ म्हणून मी पडद्यावरच्या दाबाच्या रेषेकडेही पाहतो. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये (यंत्र दर श्वासाला ठरावीक हवा देते त्या पद्धतीत) प्रवाह स्थिर ठेवला, तर हवा आत जाताना दाबाची रेषा सरळ चढायला हवी. शेवटाकडे ती वर वळू लागली, तर फुप्फुसाची जागा संपत आली आहे. सुरुवातीला वेगाने चढून पुढे आडवी होऊ लागली, तर श्वासागणिक काही वायुकोश उघडत आहेत, म्हणजेच श्वास सोडताना ते पुन्हा मिटत आहेत. या वाचनाला स्ट्रेस इंडेक्स म्हणतात. मात्र रुग्ण स्वतः श्वास ओढत असेल, तर रेषा फसवी ठरते.

प्लॅटो मोजताना इन्स्पिरेटरी होल्ड (हवा आत गेल्यावर श्वास रोखून धरणे) पुरेसा लांब घ्यावा, हेही सांगून ठेवतो. मी किमान अर्धा सेकंद थांबतो. घाईघाईत दाबलेल्या बटणातून आलेल्या आकड्यावर रात्रभराचे निर्णय झालेले मी पाहिले आहेत.

उघडमीट :

आपण सर्व पीपच्या पायऱ्या चढत-उतरत बसला आहात, पण मिटलेले फुप्फुस उघडायला लागणारा दाब हा ते उघडे ठेवायला लागणाऱ्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे आधी एकदा जोराने उघडावे आणि मग पुरेशा पीपवर धरून ठेवावे, हे तर्कशुद्ध नाही का? आम्ही कित्येक वर्षे ४० सेंटिमीटरचा दाब ४० सेकंद देत आलो. सॅच्युरेशन डोळ्यांदेखत वाढते.

मंद्रसप्तक :

तर्क चुकीचा नाही. लाखमान यांनी १९९२ मध्ये हाच विचार मांडला होता आणि आमच्या पिढीने तो मनापासून स्वीकारला, मीही त्यांतलाच. पण २०१७ मध्ये आर्ट चाचणीचा निष्कर्ष आला. १०१० रुग्णांपैकी ज्यांना मोठ्या दाबाने फुप्फुस उघडून नंतर पीप ठरवण्याची पद्धत लावली, त्यांच्यातील ५५.३ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. साध्या, कमी पीपच्या गटात हे प्रमाण ४९.३ टक्के होते. त्यानंतर मी सरसकट ते करणे सोडले.

कारण पुन्हा तफावतीतच आहे. ज्या फुप्फुसात उघडण्याजोगे फार नसते, तिथे तो ४० चा दाब मिटलेल्या भागाला उघडत नाही, उघड्या भागालाच ताणतो. शिवाय उजव्या हृदयावर ताण येतो, रक्तदाब कोसळतो. मीड आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्येच हिशेब मांडला होता की, उघड्या आणि मिटलेल्या भागांच्या सीमेवर, फुप्फुसातील दाब ३० सेंटिमीटर असताना, ऊतींवर प्रत्यक्ष १४० सेंटिमीटरच्या आसपासचा ताण येऊ शकतो. विषमता स्वतःच इजा करते ती अशी. प्लॅटो तिसाच्या आत आहे म्हणून निश्चिंत राहणारे या सीमा विसरतात.

उघडमीट :

मान्य. पण मग कोणाचे फुप्फुस उघडण्याजोगे आहे, हे आधी ओळखायचे कसे? सीटीला न्यायची सोय प्रत्येक वेळी नसते.

वक्ररेषा :

एका श्वासाची सोपी चाचणी आहे. श्वासगती तेवढ्यापुरती कमी करून पीप १५ वरून एकदम ५ वर आणायचे आणि त्या एका उच्छ्वासात किती हवा बाहेर आली, ते पाहायचे. नेहमीच्या टायडल व्हॉल्यूमपेक्षा जास्त आलेली हवा ही पीपने राखलेली हवा. पीप ५ वरचा कंप्लायन्स आणि दाबातील फरक यांच्या गुणाकारातून साध्या फुगण्यामुळे किती हवा यायला हवी होती, ते कळते. त्याहून जी अधिक आली, ती पीपने उघडे ठेवलेल्या भागातली. या उघडलेल्या भागाच्या कंप्लायन्सचे पीप ५ वरच्या कंप्लायन्सशी गुणोत्तर काढतात. ते ०.५ च्या पुढे असेल, तर जास्त पीपचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. बरेच खाली असेल, तर पीप वाढवून फक्त ताण वाढेल. मात्र आधी श्वासनलिका कमी दाबावर बंद पडत नाहीत ना, हे तपासावे लागते, नाहीतर हिशेब चुकतो.

रातपाळी :

धन्यवाद, ही चाचणी मी केली नव्हती. आमच्याकडे अल्ट्रासाऊंड खाटेपाशी असतो, तेवढ्यावर भागवतो. पीप वाढवल्यावर पाठीकडचा यकृतासारखा घट्ट दिसणारा भाग बदलून तिथे उभ्या बी-रेषा (ओलसर पण हवा असलेल्या फुप्फुसाची खूण) दिसू लागल्या, तर काही तरी उघडले असे समजतो. अतिताण मात्र अल्ट्रासाऊंडवर दिसत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

सोळापट्टी :

अतिताण दिसतो तो ईआयटीवर, म्हणजे विद्युतविरोधावरून फुप्फुसातील हवेचे चित्र काढणाऱ्या यंत्रावर. आमच्या विभागात हे यंत्र आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

छातीभोवती चौथ्या-पाचव्या फासळीच्या फटीच्या पातळीवर इलेक्ट्रोडचा पट्टा बांधतात. आमच्या पट्ट्यात सोळा इलेक्ट्रोड आहेत. त्यांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह जातो. हवा आत आली की त्या भागाचा विद्युतविरोध वाढतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर हवा कुठे गेली, याचे चित्र खाटेपाशीच दिसते. किरणोत्सर्ग नाही, रुग्णाला हलवणे नाही.

पीप ठरवताना आम्ही वरून खाली येतो. रुग्णाला झेपेल तेवढ्या पीपपासून सुरुवात करून दर पायरीला २ सेंटिमीटर कमी करतो. संगणक चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचा कंप्लायन्स प्रत्येक पायरीवर मोजतो. एखाद्या ठिपक्याचा कंप्लायन्स ज्या पीपवर सर्वोत्तम होता, त्याहून जास्त पीपवर घसरला, तर संगणक तिथे अतिताण धरतो. कमी पीपवर घसरला, तर मिटणे धरतो. पीप कमी होत जाते, तशी अतिताणाची रेषा उतरते आणि मिटण्याची रेषा चढते. त्या दोन रेषा जिथे छेदतात, त्याच्या आसपासचे पीप आम्ही निवडतो. धागाकर्त्याचे 'तफावत कमी करणे' येथे डोळ्यांना दिसते.

या चित्राच्या प्रेमात पडण्याआधी मी स्वतः खाल्लेली ठोकर सांगतो. पट्टा काही सेंटिमीटर जाडीचाच छेद पाहतो, संपूर्ण फुप्फुस नव्हे. एका रुग्णात पट्टा दोन फासळ्या खाली सरकला होता, आणि यंत्राच्या पडद्यावर दिसणारी, हवा न पोहोचणारी 'शांत जागा' ही फुप्फुसाची नसून वर चढलेल्या श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याची) आणि यकृताची होती. आम्ही तिला उघडण्यासाठी तासभर पीप वाढवत राहिलो. दुसरे असे की, चाचणीतील सर्वांत वरच्या पीपवरही जो भाग उघडलाच नाही, तो या हिशेबात धरलाच जात नाही. 'मिटलेला भाग ३ टक्के' असे वाचून संपूर्ण फुप्फुस उघडे आहे, असा समज करून घेऊ नये. पेसमेकर असलेल्या रुग्णात आम्ही हा पट्टा वापरत नाही.

परिचर्या :

मी अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. आपण सर्वांनी पीपवर इतके लिहिले, पण ते गमावतो कुठे, हे कोणी लिहिले नाही. सक्शनसाठी (श्वासनलिकेतील कफ ओढून काढण्यासाठी) नळी यंत्रापासून सोडवली की तासाभराच्या प्रयत्नाने उघडलेले फुप्फुस काही सेकंदांत मिटते. त्यामुळे बंद सक्शन, म्हणजे नळी न सोडवता करायचे सक्शन, वापरावे. यंत्र बदलण्यासाठी सोडवणे भागच असेल, तर श्वास आत असताना नळीला चिमटा लावून मग सोडवावे. आणि डॉक्टर मंडळींना विनंती, की सेटिंग बदलल्याबरोबर पाच मिनिटांत एबीजी (धमनीतील रक्ताची वायुतपासणी) पाठवून निष्कर्ष काढू नयेत. कमी केलेल्या पीपचा परिणाम लवकर दिसतो, वाढवलेल्या पीपचा दिसायला वेळ लागतो.

अजून एक. शंभर टक्के ऑक्सिजन विसरून तसाच चालू राहतो. नायट्रोजन नसला की अर्धवट हवा मिळणाऱ्या भागातला ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि तो भाग कोसळतो.

वाचनमात्र :

माझा वैद्यकीय क्षेत्राशी संबंध नाही. घरातील एक व्यक्ती काही दिवस व्हेंटिलेटरवर होती, म्हणून वाचत आहे. मिटलेला भाग नेहमी पाठीकडेच का असतो, आणि पालथे झोपवल्याने नेमके काय होते, हे कोणी सोप्या शब्दांत सांगेल का?

रातपाळी :

ओली चादर दोरीवर टाकली की पाणी खालच्या काठाशी उतरते, हे आपण पाहिले असेल. एआरडीएसमध्ये फुप्फुस पाणी धरून जड होते. उताण्या माणसात वरच्या थरांचे वजन, शिवाय हृदयाचे वजन, पाठीकडच्या थरांवर पडते आणि त्यांतील हवा पिळून निघते. पोटही मागच्या बाजूने श्वासपटलाला वर ढकलते.

पालथे केले की पाठीकडचा भाग वर येतो आणि उघडतो. मग छातीकडचा भाग तसाच मिटायला हवा, ही शंका रास्त आहे. तो काही अंशी मिटतोही. पण फुप्फुसाचा मोठा वाटा पाठीकडे आहे, हृदय आता छातीच्या हाडावर टेकलेले असते, आणि छातीची पुढची भिंत गादीला लागल्याने हवा सर्वत्र अधिक सारखी वाटली जाते. रक्तप्रवाह मात्र तरीही बराचसा पाठीकडच्या भागातच राहतो. त्यामुळे हवा आणि रक्त यांची गाठ पडते.

ज्यांचे एकच फुप्फुस आजारी आहे, अशा प्रौढ रुग्णाला बहुधा चांगले फुप्फुस खाली ठेवून कुशीवर वळवतात. त्यांच्यात पीप वाढवणे उलटू शकते, कारण चांगले फुप्फुस ताणले जाऊन रक्त आजारी बाजूला वळते.

उच्छ्वास :

एआरडीएसबद्दल सर्व ठीक, पण सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या) रुग्णात हवा असमान पसरते ती वेगळ्या कारणाने, आणि तिथे हेच नियम लावले तर घात होतो. नुकताच एका सहकाऱ्याने अशा रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून श्वासगती २० वर नेली आणि तो आणखी वाढला. कारण कसे समजवावे?

वक्ररेषा :

कालांक मांडून दाखवा. हवेच्या वाटेतला विरोध गुणिले कंप्लायन्स म्हणजे तो भाग भरण्या-रिकामा होण्याचा कालांक. विरोध १० आणि कंप्लायन्स ०.०५ असेल, तर तो अर्धा सेकंद येतो. तीन कालांकांत, म्हणजे दीड सेकंदात, ९५ टक्के हवा बाहेर पडते. सीओपीडीच्या एखाद्या भागात विरोध २५ आणि कंप्लायन्स ०.०८ असेल, तर कालांक २ सेकंद, आणि रिकामे व्हायला ६ सेकंद लागतात. श्वासगती २० म्हणजे संपूर्ण चक्र ३ सेकंदांचे. तो भाग कधीच रिकामा होणार नाही, हवा साचत जाईल आणि शेजारच्या भागाला दाबेल. तिथे उपाय म्हणजे गती कमी करणे, आत येणारी हवा लवकर संपवणे आणि बाहेर जायला वेळ देणे. प्रवाहाची रेषा पुढचा श्वास सुरू होण्याआधी शून्याला टेकते की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

मंद्रसप्तक :

मूळ रुग्णाकडे परत येतो. ७० टक्के ऑक्सिजनवर ९२ सॅच्युरेशन म्हणजे पी-एफ गुणोत्तर (धमनीतील ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण) शंभराच्या आसपास असणार. पीप १२ की १६ या वादात न पडता त्याला पालथे करायला हवे होते. २०१३ च्या प्रोसेवा चाचणीत ४६६ रुग्ण होते, गुणोत्तर १५० च्या खाली. दररोज किमान १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पीपच्या कोणत्याही पायरीने इतका फरक दाखवलेला नाही.

रातपाळी :

पहाटे केलेच. पीप १२ तसेच ठेवून पालथे केले, तासाभराने प्लॅटो २५ होते, म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर १३. ऑक्सिजन ५५ टक्क्यांवर आणता आला आणि कार्बन डायऑक्साइड ४५ झाला. रेसिडेंटने तो आकडा स्वतः मोजला, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

आता त्याच्याबाबत एकच प्रश्न उरला आहे. तीन दिवस रोज पालथे केले, औषध कमी केल्यावर तो स्वतः जोराने श्वास ओढू लागला आहे. पालथे करणे कधी थांबवावे आणि त्याचा श्वास त्याच्यावर सोडावा का?

सोळापट्टी :

जोराचा श्वास आम्ही चित्रावर पाहिला आहे. श्वासपटल खाली ओढले जाते तेव्हा, बाहेरून हवा येण्याआधीच, छातीकडची हवा आतल्या आत पाठीकडे झोका घेते. यंत्रावर टायडल व्हॉल्यूम ४०० च दिसतो, पण पाठीकडचा भाग त्याहून खूप अधिक ताणला जातो. त्यामुळे सौम्य श्वास असेल तर येऊ द्यावा. जोराचा असेल तर सेडेशन (गुंगीचे औषध) आणखी एक दिवस राहू द्यावे.

मंद्रसप्तक :

थांबवण्यासाठी मी प्रोसेवाचाच निकष लावतो. उताणे करून किमान चार तास झाल्यावर गुणोत्तर १५० किंवा अधिक, पीप १० किंवा कमी आणि ऑक्सिजन ६० टक्के किंवा कमी असेल, तर पुन्हा पालथे करत नाही. चार तासांचे लक्षात ठेवा. उताणे केल्याबरोबर काढलेला एबीजी अजून पालथ्याच फुप्फुसाचा असतो.

रातपाळी :

आज दुपारी चार तासांनंतरचे गुणोत्तर १७२, पीप १०, ऑक्सिजन ५० टक्के. पालथे केलेले नाही. उद्या सकाळी औषध पुन्हा कमी करून श्वासाचा जोर पाहणार आहे.